अण्वस्त्रमुक्त क्षेत्राचे करार म्हणजे नुसता कागद का?

प्रश्न असा आहे: "ज्या देशांकडे अणुबॉम्ब नाहीतच, त्यांनी एकत्र येऊन 'आमचा प्रदेश अण्वस्त्रमुक्त' असं जाहीर करण्यात काय मोठेपणा? अशा करारांनी आजवर काही साधलं आहे का? आणि दक्षिण आशियात असं क्षेत्र का होत नाही?"

ही शंका मीही वर्गात मोठ्या तोऱ्यात मांडत असे. कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवताना हा भाग आला की म्हणायचो, ज्याच्या घरात तांदळाचा दाणा नाही त्याने निर्जळी एकादशी केली तर पुण्य कसलं? पोरं हसायची आणि तास पुढे सरकायचा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, पण अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या घरात तांदूळ नव्हते का?" मला धड उत्तर देता आलं नाही. त्या दिवाळीच्या सुट्टीत बसून वाचलं, आणि एकादशीचा विनोद तेव्हापासून बंद केला.

तर थोडक्यात: हे करार बड्यांच्या हातातले बॉम्ब काढून घेत नाहीत, आणि तसं होईल असं कुणी मानलेलंही नव्हतं. शेजारीशेजारी राहणाऱ्या दोघांनी एकमेकांच्या भीतीपोटी बॉम्बच्या मागे लागू नये, ही त्यांची खरी कामगिरी. तीसुद्धा लगेच दिसत नाही, पंचवीस-तीस वर्षं थांबावं लागतं.

लोकवस्तीच्या प्रदेशातला असा पहिला करार लॅटिन अमेरिकेचा. (अंटार्क्टिकाचा १९५९ चा त्याआधीचा, पण पेंग्विनांची सही सोपी असते.) ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली आणि जग तेरा दिवस श्वास रोखून बसलं. त्या खंडातल्या देशांना कळलं की आपला या भांडणाशी संबंध असो वा नसो, जळायची वेळ आली तर आपलंच अंगण जळणार. एप्रिल १९६३ मध्ये बोलिव्हिया, ब्राझील, चिली, इक्वेडोर आणि मेक्सिको या पाच देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी मिळून निवेदन काढलं. पुढची चार वर्षं खल चालला आणि १४ फेब्रुवारी १९६७ रोजी मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को भागात करार सह्यांसाठी खुला झाला. मेक्सिकोचं परराष्ट्र खातं तेव्हा तिथेच होतं. पुढच्याच वर्षी त्याच भागातल्या चौकात मेक्सिकोच्या सरकारने स्वतःच्या विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या. शांततेच्या कराराला कुठलं नाव लागेल हे काही आपल्या हातात नसतं.

या सगळ्यामागचा माणूस म्हणजे मेक्सिकोचे मुत्सद्दी आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस. त्यांना १९८२ चं शांततेचं नोबेल स्वीडनच्या आल्वा मिर्डाल यांच्याबरोबर विभागून मिळालं. त्यांचं खरं कसब मला दिसतं ते कराराच्या एका कलमात.

अडचण अशी होती. ब्राझीलमध्ये १९६४ साली लष्कराने सत्ता घेतली होती आणि आधीचा उत्साह मावळला होता. त्यांचं म्हणणं, प्रदेशातल्या सगळ्या देशांनी मंजुरी दिल्याशिवाय, अण्वस्त्रधारी देशांनी हमी दिल्याशिवाय आणि तपासणीची व्यवस्था झाल्याशिवाय करार कुणालाच लागू होऊ नये. ऐकायला रास्त, पण क्युबा अडून बसला तर सगळंच अडलं! मेक्सिकोला मात्र करार ताबडतोब जिवंत हवा होता. तोडगा असा निघाला: ब्राझीलच्या अटी तशाच लिहायच्या, पण पुढे एक वाक्य जोडायचं, की ज्या देशाला या अटी सोडून द्यायच्या असतील त्याने तसं लिहून द्यावं, त्याच्यापुरता करार लगेच लागू. ज्याला थांबायचं त्याने उंबऱ्यावर थांबावं, ज्याला यायचं त्याने आत यावं, दार मात्र उघडंच. असे पुरेसे देश आत आले आणि एप्रिल १९६९ मध्ये करार अंमलात आला. चिली आणि ब्राझील मंजुरी देऊनही उंबऱ्यावर राहिले. अर्जेंटिनाने सही केली आणि मंजुरीचा कागद सव्वीस वर्षं फडताळात ठेवला.

आता त्या मुलीच्या तांदळाकडे येऊ. अर्जेंटिना आणि ब्राझील, दोघांकडेही शास्त्रज्ञ होते, अणुभट्ट्या होत्या, लष्करी राजवटी होत्या आणि परस्परांबद्दल जुना संशय होता. अण्वस्त्रप्रसारबंदी करार (पाच देशांकडचे बॉम्ब मान्य करून बाकीच्यांना मनाई करणारा) दोघांनीही पक्षपाती म्हणून झिडकारला होता, अगदी आपल्यासारखाच. त्लातेलोल्को कराराखाली 'शांततामय' अणुस्फोट करायला मुभा आहे, असाही दोघांचा दावा होता. यावर हसायचा अधिकार आपल्याला नाही, कारण १९७४ मध्ये पोखरणच्या स्फोटाला आपणही तेच विशेषण लावलं होतं. १९८३ मध्ये अर्जेंटिनाने जाहीर केलं की पिल्कानियेउ इथे आम्हाला युरेनियम समृद्ध करता येऊ लागलंय, म्हणजे बॉम्बकडे नेऊ शकणारी वाट. चार वर्षांनी ब्राझीलनेही तशीच घोषणा केली. मधल्या काळात ब्राझीलच्या वर्तमानपत्रांत काशिम्बोच्या लष्करी तळावर खणलेल्या खोल विवराची बातमी आली होती. शेकडो मीटर खोल विहीर कुणी पाण्यासाठी खणत नाही, भूमिगत अणुचाचणीसाठी खणतात.

पण तोवर दोन्हीकडे लष्कर बराकीत परतलं होतं, अर्जेंटिनात १९८३ ला, ब्राझीलमध्ये १९८५ ला. दोन नागरी राष्ट्राध्यक्षांनी, आल्फोन्सिन आणि सार्ने यांनी, एक साधीच गोष्ट केली. एकमेकांना आपापली गुपितं दाखवली. १९८७ मध्ये सार्ने पिल्कानियेउला जाऊन आले, १९८८ मध्ये आल्फोन्सिन ब्राझीलच्या नौदलाच्या आरामार अणुकेंद्रात गेले. शेजाऱ्याला माजघरापर्यंत नेऊन 'बघ बाबा, कोठीत काय आहे ते' म्हणण्यासारखं हे होतं. सार्नेंनंतर आलेल्या कोलोर यांनी सप्टेंबर १९९० मध्ये काशिम्बोला जाऊन, कॅमेऱ्यांसमोर, त्या विवरात फावड्याने चुना टाकला. थोडं नाटकीच झालं ते, पण काही नाटकं भर चौकातच करायची असतात.

१९९१ मध्ये दोघांनी मिळून एक संयुक्त तपासणी संस्था काढली. तिचं कार्यालय रिओ दी जानेरोत आहे. ब्राझीलच्या अणुकेंद्रांची तपासणी अर्जेंटिनाचे निरीक्षक करतात आणि अर्जेंटिनाच्या केंद्रांची ब्राझीलचे. हे आजही चालू आहे. १९९२ मध्ये त्लातेलोल्को करारातली तपासणीची कलमं यांच्या सोयीने बदलली, आणि १९९४ मध्ये अर्जेंटिना, चिली, ब्राझील तिघेही पूर्णपणे आत आले. क्युबाने २००२ मध्ये मंजुरी दिली आणि तेहेतीसच्या तेहेतीस देश झाले.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर श्रेय कराराचं की लोकशाहीचं? माझ्या मते आधी लोकशाहीचं. सेनापती खुर्चीवर असते तर रोब्लेसांचं कलम कितीही हुशार असलं तरी काही झालं नसतं. पण दोन नव्या सरकारांना 'आम्ही माघार घेतली' असं न दिसता माघार घ्यायची होती, तेव्हा आपल्याच खंडाचं, आपल्याच भाषेत लिहिलेलं, वीस वर्षं वाट पाहत उभं असलेलं घर हाताशी होतं. बाहेरच्यांनी लादलेल्या करारावर सही करण्याआधी दोघांनी हे घर गाठलं. प्रसारबंदी करारात अर्जेंटिना १९९५ ला आणि ब्राझील १९९८ ला, म्हणजे नंतर गेले.

आणि बडे देश? तिथे तुमची शंका बऱ्याच अंशी खरी आहे. त्लातेलोल्कोच्या जोडकराराला (या क्षेत्राचा मान राखू, अशी बाहेरच्या अण्वस्त्रधारी देशांनी द्यायची हमी) पाचही मान्यताप्राप्त अण्वस्त्रधारी देशांची, म्हणजे अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीनची मंजुरी आहे. पण अण्वस्त्रं घेऊन जहाज नुसतं जवळून जात असेल तर काय, हे करारात स्पष्ट लिहिलेलं नाही. अर्जेंटिनाशी झालेल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धात गेलेल्या काही ब्रिटिश जहाजांवर पाणबुडीविरोधी अण्वस्त्रं होती, हे ब्रिटनने २००३ मध्ये कबूल केलं. वर म्हणाले, ती कराराखालच्या सागरी हद्दीत नेली नव्हती, त्यामुळे भंग झालाच नाही. आग्नेय आशियाच्या १९९५ च्या बँकॉक कराराने पळवाट बुजवायचा प्रयत्न केला, किनाऱ्यापासून दूरवरचा आर्थिक सागरी पट्टाही क्षेत्रात घेतला. परिणामी तो अंमलात येऊन पंचवीस वर्षं उलटली तेव्हाही पाचांपैकी एकाचीही त्याच्या जोडकरारावर सही नव्हती. करार जितका कडक, तितके बडे लांब.

बाकीच्यांबद्दल फार लिहीत नाही. दक्षिण प्रशांत महासागराचा रारोटोंगा करार १९८५ चा. मध्य आशियातल्या पाच देशांनी २००६ मध्ये सह्या केल्या त्या सेमिपालातिन्स्कला, जिथे सोव्हिएत काळात साडेचारशेहून अधिक अणुचाचण्या झाल्या होत्या. आफ्रिकेचा १९९६ चा करार मात्र तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. दक्षिण आफ्रिकेकडे खरोखरचे सहा बॉम्ब होते, ते त्यांनी मोडीत काढले आणि १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत तसं सांगितलं. प्रिटोरियाजवळच्या पेलिंडाबा अणुकेंद्राचंच नाव त्या कराराला दिलं आहे. तांदूळ शिजवून, ताट वाढून, मग उठलेला हा एकमेव यजमान.

राहिला आपला प्रश्न. पोखरणनंतर काही महिन्यांतच, १९७४ च्या अखेरीस, पाकिस्तानने संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आशिया अण्वस्त्रमुक्त करण्याचा प्रस्ताव आणला. भारताने वेगळा ठराव मांडला: असं क्षेत्र प्रदेशातल्या देशांच्या आपसांतल्या बोलण्यातून यावं, बाहेरून नव्हे. आमसभेने दोन्ही ठराव मंजूर करून टाकले, म्हणजे काहीच झालं नाही. भारताचा मूळ मुद्दा चीनचा होता आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. नकाशावर 'दक्षिण आशिया' अशी रेघ मारली की चीन बाहेर राहतो, आणि आपली अर्धी काळजी तर त्या रेघेपलीकडची. अर्जेंटिना-ब्राझीलला असा तिसरा शेजारी नव्हता. त्यांच्यात सीमेवरून चालू युद्धही नव्हतं. मे १९९८ नंतर तर दोन्हीकडे भातच शिजलेला आहे.

तरी त्या वाटेवरची एक छोटी गोष्ट आपल्याकडेही आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीत दिल्या, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरच्या जानेवारीतही दिल्या. यादी फक्त हातात मिळते. आत जाऊन कोठी बघायची सोय तिच्यात नाही.