बीथोवनच्या सोनाटांच्या जुन्या छापील एडिशन्समध्ये स्टॅकाटोला (नोट तोडून, छोटी वाजवण्याच्या खुणेला) कुठे टिंब तर कुठे उभी रेघ दिसते, वाजवताना त्यात फरक करायचा का?

नुसत्या छापील पानाच्या भरवशावर अजिबात करू नका. एवढ्यावर थांबले असते, पण याच गोष्टीवरून मला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलंय आणि ते अजून सलतं.

पुण्यात एकांच्या घरी मी बीथोवनच्या ओपस ३१ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) मधली पहिली सोनाटा वाजवली. संपल्यावर एक ज्येष्ठ सर आपली कॉपी घेऊन आले, पानावर बोट ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "इथे रेघा आहेत, रेघ म्हणजे नोटच्या लांबीची पाव किंमत, टिंब म्हणजे अर्धी, तू सगळं एकाच मापाने वाजवलंस, छापलेलं तरी नीट वाचत जा." वयाचा मान म्हणून मी गप्प बसले, पण घरी आल्या आल्या जुन्या एडिशन्सचे स्कॅन उघडले.

या सोनाटाचं बीथोवनच्या हातचं हस्तलिखित आज उपलब्धच नाही, जे आहे ते छापील. ती पहिल्यांदा छापली झुरिकच्या नेगेली या प्रकाशकाने, १८०३ मध्ये, आणि त्याने पहिल्या मूव्हमेंटच्या शेवटाकडे स्वतःच्या मनाने चार बार (तालाचे छोटे भाग) घुसडले. बीथोवनचा शिष्य फर्डिनांड रीस ते वाजवून दाखवत होता तेव्हा बीथोवन भडकून उठला, हे रीसनेच लिहून ठेवलंय. मग चुकांची यादी बॉनला झिमरॉक या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेली आणि त्याने त्याच वर्षी "अत्यंत अचूक आवृत्ती" असं मुखपृष्ठावर छापून ती काढली. आता मला सांगा, जो माणूस चार बार घालताना कचरला नाही त्याने प्रत्येक टिंब जपलं असेल? आणि झिमरॉकची नेगेलीच्याच छापील प्रतीवरून दुरुस्त केलेली, म्हणजे दोघांकडे एकाच जागी रेघ सापडली तरी ते दोन साक्षीदार होत नाहीत, एकच होतो.

शिवाय त्या काळी पान कथील-शिशासारख्या मऊ धातूच्या प्लेटवर उलटं कोरायचे, नोटांची डोकी पंच (ठसा) ठोकून आणि स्लर (नोटा जोडणारी कमान) हाताने खोदून. पंच जरा तिरका बसला की टिंबाची रेघ झाली, प्लेट झिजली की रेघेचं टिंब. जुन्या पानांवर एकच फ्रेज (सुरावटीचं वाक्य) परत येते तेव्हा वर रेघा, खाली टिंबं आणि मधल्या एका नोटवर काहीच नाही, असं सर्रास दिसतं. म्हणून आधी त्याच एडिशनमध्ये स्लरच्या खाली असलेल्या खुणा बघा, तिथे टिंबंच हवीत. तिथेही रेघा ठोकलेल्या असतील तर त्या कारागिराला फरक माहीतच नव्हता, पुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही. दोन एडिशन्सची तुलना त्यानंतर.

माझं मत सांगते, सुट्या नोटांवर बीथोवनची रेघ म्हणजे साधा स्टॅकाटो, किती तोडायचं ते टेम्पो आणि फ्रेज बघून ठरवायचं. "पाव किंमत" हा थिअरीच्या पुस्तकाचा नियम आहे, तो १८०३ च्या पानावर लादू नये. आणि ज्यांना छापलेलं म्हणजे देववाणी वाटतं त्यांनी नेगेलीचे चार बारही वाजवावेत.

हां, एक सांगायला हवं, बीथोवनला स्वतःला फरक पडत होता. १८२५ मध्ये ओपस १३२ च्या क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांच्या रचनेच्या) नकलांबद्दल त्याने व्हायोलिनवादक कार्ल होल्त्सला बजावलं होतं की टिंबाच्या जागी रेघ नको आणि रेघेच्या जागी टिंब नको. पण ते हाताने केलेल्या नकलांबद्दल होतं, आणि टिंबं म्हणजे स्लरखालची, असं एक जुनं वजनदार मत आहे, मला ते पटतं. हस्तलिखित उपलब्ध असलेल्या सोनाटांमध्ये आधी ते बघा. शोपँला मात्र हे जसंच्या तसं लावू नका, त्याचं संगीत पॅरिस, लाइपझिग आणि लंडनला साधारण एकाच वेळी निघायचं, प्रत्येकाकडे गेलेली प्रत वेगळी असू शकते, त्यामुळे तिथे तीन एडिशन्समधला फरक कधी कधी खुद्द त्याचाच असतो.