‘लवचीक योजना’ की मार्गाची मुभा?

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेच्या ‘क्लीन पॉवर प्लॅन’वर, म्हणजे वीज केंद्रांच्या कार्बन प्रदूषणाला मर्यादा घालणाऱ्या तिथल्या २०१५ च्या नियमावर, मराठीत लेख लिहिताना ‘राज्यांच्या लवचीक योजनांद्वारे ऊर्जा प्रकल्पांच्या कार्बन प्रदूषणाचे नियमन’ असे वाक्य झाले, ते चालेल का? आणि ‘लवचीक’ बरोबर की ‘लवचिक’?

वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण वाचणाऱ्याला भलतेच काही कळेल. आपल्याकडे सरकारी ‘योजना’ म्हटली की अर्ज, लाभार्थी, अनुदान हे सगळे ओघाने येते. इथे तसे काही नाही. केंद्राने घालून दिलेली मर्यादा आपण कशी गाठणार, हे राज्याने लिहून द्यायचे होते. अशा दस्तऐवजाला मराठीत नेमका शब्द आहे : आराखडा. जिल्ह्याचा टंचाई कृती आराखडा असतो, तसा हा राज्याचा आराखडा.

आता ‘लवचीक’. हा शब्द ‘आराखड्या’ला चिकटवला की आराखडाच ढिला आहे, उद्दिष्ट मागेपुढे झाले तरी हरकत नाही, असा भास होतो. प्रत्यक्षात उद्दिष्ट आकड्यात बांधलेले होते. ऑगस्ट २०१५ मध्ये ईपीए, म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अंतिम नियम काढला, तेव्हा देशभरातल्या वीजनिर्मितीतून होणारे कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ३२ टक्क्यांनी खाली येईल असा हिशेब होता. त्यातून राज्याराज्याला स्वतंत्र आकडा मिळाला. वेस्ट व्हर्जिनियात नियमाच्या कक्षेत येणारी जवळपास सगळी वीज कोळशाची, म्हणून तिला मेगावॉट-तासामागे १,३०५ पौंड कार्बन डायऑक्साइडची मर्यादा. ऱ्होड आयलंडमध्ये नैसर्गिक वायूची, म्हणून तिथे ७७१ पौंड. आपल्या मापात सांगायचे तर हजार युनिट विजेमागे सुमारे ५९२ आणि ३५० किलो कार्बन डायऑक्साइड.

मोकळीक होती ती यापुढे. वीजनिर्मिती संचांची कार्यक्षमता वाढवा, कोळशाचे संच कमी चालवून वायूचे जास्त चालवा, पवन आणि सौर वीज वाढवा, शेजारच्या राज्यांशी उत्सर्जनाच्या परवान्यांचा व्यवहार करा. आकडा दर युनिटमागे मोजायचा की वर्षाच्या एकूण टनांत, हेही राज्यानेच ठरवायचे. आराखडा दिलाच नाही, तर मात्र केंद्राचा आराखडा लागू होणार होता. याला माझ्या मते एकच शब्द चपखल बसतो : ‘मुभा’. ‘सूट’ किंवा ‘सवलत’ अजिबात नको, कारण त्यात भार हलका केल्याचा अर्थ आहे. ‘मुभा’ अरबी ‘मुबाह’वरून आलेला : ज्याची सक्ती नाही आणि ज्याला मनाईही नाही ते. मार्गाच्या बाबतीत राज्यांची स्थिती तंतोतंत हीच होती.

‘ऊर्जा प्रकल्प’ही बदला, त्यात पवनचक्क्याही येतात. ‘कोळसा आणि वायूवरची वीज केंद्रे’ म्हणा. ‘प्रदूषण’ मात्र राहू द्या. बरेच जण तिथे सौम्य म्हणून ‘उत्सर्जन’ घालतात. पण हरितगृह वायू हे ‘क्लीन एअर ॲक्ट’ या तिथल्या हवा प्रदूषणाच्या कायद्याच्या व्याख्येतले ‘हवेतील प्रदूषक’च आहेत, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरवले आणि सगळा नियम त्यावर उभा राहिला. ‘कार्बन’च्या जागी ‘कर्ब’ही नको. तो शब्द आता शेतकऱ्यांच्या तोंडी ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून रुळला आहे, आणि तिथे तो वाढलेला हवा असतो.

तुम्ही विचारले नाही, पण लेखात अडेल असा एक शब्द सांगून ठेवतो. क्लीन एअर ॲक्टच्या कलम १११ मध्ये ‘बेस्ट सिस्टिम ऑफ एमिशन रिडक्शन’ अशी शब्दरचना आहे. ‘सिस्टिम’ला ‘यंत्रणा’ म्हटले, तर धुरांड्याशी बसवायचे काहीतरी असे वाटते. ‘व्यवस्था’ म्हटले, तर कोळशाकडून वायूकडे आणि वाऱ्याकडे वीजनिर्मिती सरकवणेही त्यात मावते. खटला नेमका यावरच झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये नियमाला स्थगिती मिळाली, तो कधीच अमलात आला नाही; आणि ३० जून २०२२ रोजी ‘वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध ईपीए’मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला, की निर्मिती अशी सरकवायला लावण्याचा अधिकार काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ईपीएला दिलेला नाही. संदर्भ काढून घेतला तर ‘सिस्टिम’ हा शब्द रिकामे भांडे आहे, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात लिहिले. म्हणून मराठीत ‘यंत्रणा’ वा ‘व्यवस्था’ लिहून अनुवादकाने आपणच निवाडा करू नये, ‘पद्धत’ लिहावे. तो शब्द दोन्ही बाजूंना पुरेसा मोकळा आहे.

तर वाक्य असे करता येईल : ‘कोळसा आणि वायूवरच्या वीज केंद्रांतून होणाऱ्या कार्बन प्रदूषणाला केंद्राने मर्यादा घालायची, आणि ती कशी गाठायची याची मुभा राज्यांना त्यांच्या आराखड्यात द्यायची.’ लांबले आहे खरे, पण कोणी काय करायचे ते त्यातून कळते.

‘लवचीक’ दीर्घच. मराठी अकारान्त शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार किंवा उकार दीर्घ, हा नियम. पुढे विभक्तीचा प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो, जसे ‘गरीब’, पण ‘गरिबाला’.