रोज चालते, मग आणखी व्यायाम कशाला?

प्रश्न : माझं वय 72. रोज सकाळी पाऊण तास चालते, तब्येत ठणठणीत आहे. परदेशात राहणारी मुलगी सांगते की तिथे माझ्या वयाच्या बायका वजनं उचलतात, तूही सुरू कर. मला वाटतं, या वयात हाडं जपावीत. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, पण ते वयामुळेच ना?

उत्तर : चालणं मुळीच सोडू नका. मला काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या वाक्यानं. हाताचा आधार लागतो, कारण मांड्यांची ताकद उतरली आहे, आणि सपाट रस्त्यावर चालून ती फारशी भरून येत नाही. सगळं वयाच्या माथी मारू नका. 1990 साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले, तर त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत! आणि हाडांचं म्हणाल, तर त्यांच्यावर भार पडलाच नाही की ती विरळ होत जातात.

'या वयात जपावं' असं सगळीकडे मानत नाहीत. जपानमध्ये 1928 पासून रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो. सकाळी साडेसहाला कितीतरी आजी-आजोबा बागेत जमून तो करतात. चीनमध्ये म्हातारी माणसं ताई-ची हा संथ हालचालींचा व्यायाम करतात. त्यानं तोल सुधारतो, पडण्याचा धोका कमी होतो.

तुम्ही खुर्चीपासूनच सुरुवात करा. पक्की खुर्ची भिंतीला टेकवा. पुढच्या कडेवर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका, मग उठा. बसताना धपकन बसू नका, अगदी सावकाश टेका. स्नायूंना खरं काम तिथे पडतं. हातांशिवाय जमत नसेल तर खाली घट्ट उशी घेऊन बैठक उंच करा आणि जमू लागलं की काढून टाका. शेजारी टेबल असेल तर त्याला बोटं लावून एका पायावर उभं राहायचाही सराव करा. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करायला सांगते. मुलगी म्हणते ती वजनं त्यानंतर, शिकवणारं कुणी समोर असताना घ्या.

मांड्या थोड्या भरून आल्या तर घाबरू नका. मात्र छातीत दुखलं, चक्कर आली किंवा गुडघा सुजला तर थांबा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.