ऑर्ग-मोडमध्ये रखडलेले प्रकल्प कसे शोधावेत?

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधील ऑर्ग-मोडमध्ये, म्हणजे नोंदी व कामे सांभाळण्याच्या व्यवस्थेत, ही सोय आधीपासूनच आहे. 'ऑर्ग-अजेंडा' हा आदेश दिल्यावर उघडणाऱ्या पर्यायांच्या यादीत # ही कळ दाबल्यास, ज्यांच्याखाली पुढची ठोस कृती नोंदवलेली नाही असे प्रकल्प समोर येतात. तरीही बहुतेकांची निराशा होते, कारण दुसऱ्या पातळीवरचे, 'डन' (पूर्ण) अशी खूण नसलेले प्रत्येक शीर्षक म्हणजे प्रकल्प, असे मूळ व्यवस्था गृहीत धरते आणि आपली फाइल क्वचितच तशी रचलेली असते.

म्हणून 'ऑर्ग-स्टक-प्रोजेक्ट्स' हे चल (सेटिंग) स्वतः ठरवावे. त्याचे चार भाग असतात: प्रकल्प ओळखण्याची अट, आणि प्रकल्प चालू असल्याचे दाखवणारे स्थितिशब्द (कामाची अवस्था सांगणारे शब्द), टॅग व रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधण्याचा साचा). माझ्या मते पातळीऐवजी 'प्रोजेक्ट' असा टॅग वापरणे अधिक भरवशाचे आहे. मात्र टॅग खालच्या शीर्षकांकडे वारशाने जातात, त्यामुळे हा टॅग 'ऑर्ग-टॅग्ज-एक्सक्लूड-फ्रॉम-इनहेरिटन्स' मध्ये घातला नाही, तर पुढची कृती न नोंदवलेले उपकामही रखडलेला प्रकल्प म्हणून यादीत येऊ शकते.

स्थितिशब्दांत 'टूडू' (करायचे काम) नको, 'नेक्स्ट' (पुढची कृती) ठेवावा. 'टूडू' ठेवल्यास, कधीतरी करायचे म्हणून लिहिलेले एखादे जुने काम संपूर्ण प्रकल्प चालू असल्याचा आभास निर्माण करते, आणि नेमके असेच प्रकल्प महिनोन्महिने नजरेआड राहतात. दुसऱ्या कोणाच्या उत्तरासाठी थांबलेल्या कामांकरिता 'वेटिंग' हा शब्दही जोडावा, परंतु ती यादी आठवड्यातून एकदा वेगळी तपासावी.