आठ ॲप्स राहू द्या, एक तास धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेत वर्गावर्गात टच पॅनल बसली. चाळीसेक शिक्षक आहेत, त्यांतले निम्मे त्याला हात लावत नाहीत, आणि मुख्याध्यापकांनी दोन दिवसांचं प्रशिक्षण तुमच्या गळ्यात घातलंय. त्यात शिकवायच्या ॲप्सची यादी तुम्हाला हवी आहे.

यादी देत नाही. एकेकाळी माझ्याकडे ती होती आणि तिनेच माझा घात केला. मी घेतलेलं पहिलं प्रशिक्षण म्हणजे दोन दिवस, आठ ॲप्स, प्रत्येकाला पाऊण तास. अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी ‘अत्यंत उपयुक्त’वर खूण केली, मीही खूश. तीन महिन्यांनी त्याच शाळेत गेलो आणि पाच वर्ग बघितले. चार वर्गांत पॅनलवर पाठ्यपुस्तकाचं पान उघडलेलं होतं आणि शिक्षक ते वाचून दाखवत होते. पाचव्या वर्गात पॅनलवर सेलोटेपने सूचना चिकटवल्या होत्या. शिक्षकांना मी काय बोलणार? पाऊण तासात लॉगिन कसं करायचं ते कळतं. मंगळवारी तिसऱ्या तासाला सातवीच्या पोरांसमोर त्याचं करायचं काय, हे मी सांगितलंच नव्हतं.

शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एक गोष्ट नीट मांडली होती: विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि ‘हा विषय मुलांना नेमका कुठे अडतो, तिथे काय करायचं’ हे ज्ञान या दोन्हींपेक्षा निराळं. पुढे २००६ मध्ये पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घालून टीपॅक ही चौकट तयार केली: विषय, शिकवणं आणि तंत्रज्ञान ही तीन ज्ञानं एकत्र कुठे येतात ते दाखवणारी. प्रशिक्षणाच्या पहिल्या स्लाइडवर तीन वर्तुळांची ती आकृती हमखास असते, आणि दुसऱ्या स्लाइडपासून नुसती बटणं सुरू होतात. आकृती दाखवू नका, तिच्यातला मुद्दा करून दाखवा. कसा, ते सांगतो.

दशांश अपूर्णांकांचा तास घ्या. प्रश्न एकच: ०.३५ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती? पॅनलवर मतदान लावलं. चाळीस मुलांपैकी चोवीस जणांनी ०.३५ म्हटलं, कारण पस्तीस हे चारपेक्षा मोठे. पडद्यावर दोन खांब उभे राहिले. इथे ॲपचं काम संपलं आणि शिक्षकाचं सुरू झालं. बहुतेक जण काय करतात? ‘बरोबर उत्तर ०.४’ असं सांगून पुढच्या स्लाइडवर जातात. म्हणजे वर्गातले चोवीस जण कुठे अडलेत हे दिसूनही ते तिथेच राहिले.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर १९९१ पासून यासाठी एक सोपी रीत वापरत आले आहेत. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर आली, तर उत्तर फोडायचं नाही. मुलांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. आपल्या वर्गात सोळा जण बरोबर, म्हणजे चाळीस टक्के. वाद घालायला अगदी योग्य वर्ग.

पण खरी गंमत त्या सोळांमध्येच आहे. त्यांतल्या काहींनी ०.४ निवडलं ते भलत्याच कारणाने: दशांशचिन्हापुढे आकडे जितके जास्त, तितकी संख्या लहान, असा त्यांचा समज असतो. उत्तर बरोबर, डोक्यातला नियम चूक. म्हणून दुसरा प्रश्न लगेच तयार हवा: ०.६२ आणि ०.५. आता ही मुलं ०.५ म्हणतील आणि पकडली जातील. पहिल्या प्रश्नात चुकलेली चोवीस मुलं मात्र इथे सरळ ०.६२ म्हणून सुटतील, त्यांचा चुकीचा नियम इथे लपेल. दोन्ही प्रश्न पाठोपाठ लावले तरच वर्ग नीट दिसतो. ही जोडी कुठल्याही ॲपच्या मदत-पानावर सापडणार नाही. ती गणिताच्या जुन्या मॅडमना माहीत असते, त्याच मॅडमना ज्या पॅनलला हात लावत नाहीत. तुमच्या प्रशिक्षणाची सुरुवात त्यांच्यापासून करा.

जाता जाता एक. भौतिकशास्त्र शिकवणारे नॅथॅनिएल लॅसरी यांनी २००८ मध्ये याच रीतीचं मतदान क्लिकरने (मुलांच्या हातात द्यायचं बटण दाबून मत देण्याचं छोटं यंत्र) आणि साध्या पुठ्ठ्याच्या कार्डांनी घेऊन तुलना केली होती. मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. शिक्षकाचं मोजणीचं काम क्लिकरने हलकं झालं, एवढंच. हे प्रशिक्षणात मोकळेपणाने सांगा. ‘यंत्राशिवायही चालेल’ असं प्रशिक्षकाच्याच तोंडून ऐकलं की निम्मा विरोध तिथेच मावळतो.

आता दोन दिवसांचं गणित. दिवसाचे सहा तास धरले तर हाताशी बारा तास आहेत. ते सलग खर्च करू नका. मुख्याध्यापकांना गळ घाला आणि असे वाटून घ्या: सुरुवातीला तीन तास हॉलमध्ये, मग सहा आठवडे दर आठवड्याला एक तास विषयवार बसायचं, शेवटी पुन्हा तीन तास सगळ्यांनी एकत्र. वेळ तेवढाच जातो. पण मधल्या सहा आठवड्यांत शिक्षक खऱ्या वर्गात जाऊन करून बघतो, अडतो आणि पुढच्या आठवड्यात विचारायला येतो. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हेच सांगत होते: नुसती माहिती दिली, प्रात्यक्षिक दाखवलं तर वर्गात फारसं काही पोचत नाही. सराव आणि नंतर शेजारी उभा राहणारा सहकारी लागतो. चाळीस वर्षं झाली तरी प्रशिक्षण म्हटलं की आपण आधी हॉल आणि माइक बुक करतो.

पहिल्या तीन तासांत काय? कंपनीचा माणूस बटणं दाखवायला येईलच. त्याला अर्धा तास द्या, वर एक मिनिट नको. त्यानंतर शिक्षकांचे विषयवार गट करा आणि प्रत्येकाला येत्या पंधरवड्यातला स्वतःचा एकच पाठ निवडायला लावा, जिथे मुलं दरवर्षी अडतात असा. टाचणात फक्त दोन गोष्टी लिहायच्या: मूल इथे काय चुकतं, आणि ती चूक मला केव्हा, कशी दिसेल. साधन त्यानंतर. भूमितीवाल्यांना जिओजेब्रा (आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर) लागेल, विज्ञानवाल्यांना कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग. दोन्ही फुकट वापरता येतात. भाषेच्या शिक्षकाला कदाचित पॅनलवर मुलाचा एक परिच्छेद उघडून सगळ्यांनी मिळून सुधारणं पुरेल. तेही तंत्रज्ञानच आहे, त्याला कमी लेखू नका.

आणि ‘दाखवा’ नाही, ‘आधी विचारा’ हे मात्र घोटून घ्या. जिओजेब्रात त्रिकोण काढला, शिरोबिंदू पायाला समांतर रेषेवरून सरकवला, क्षेत्रफळ बदललं नाही. शिक्षकाने सरकवून दाखवलं तर मुलं ‘हो’ म्हणतात आणि विसरतात. सरकवण्याआधी वहीत लिहून घ्या: वाढेल, घटेल की तेवढंच राहील? बिंदू अगदी लांब गेल्यावर त्रिकोण सुतासारखा दिसतो, तेव्हा बहुतेकांची पैज ‘घटेल’वर असते. मग सरकवा. आता आकडा हलत नाही हे बघून वर्गात जो गलका होतो, त्यासाठी पॅनलला पैसे मोजलेले असतात. हे शिक्षकांना सांगू नका, त्यांनाच मुलं बनवून त्यांच्याकडून अंदाज लिहून घ्या. त्यांच्यातले दोघंतिघं चुकतील आणि पुढचं तुम्हाला बोलावं लागणार नाही.

मधल्या सहा आठवड्यांत दोघादोघांच्या जोड्या लावा. एकाने दुसऱ्याच्या वर्गात जाऊन मागे बसायचं. निरीक्षणाचा तक्ता नको, गुण नकोत, पहिल्या फेरीत मुख्याध्यापकही नकोत. तपासणीचा वास आला की शिक्षक पंधरा दिवस आधीच मुलांकडून तालीम करून घेतात, हा अनुभव आहे. मागे बसलेल्याने एवढंच टिपायचं: पॅनलसमोर कोण किती वेळ उभं होतं आणि मुलांनी काय प्रश्न विचारले. दर आठवड्याच्या तासात त्यावर बोलणं होऊ द्या. वेळापत्रकात जोड्यांचे मोकळे तास जुळवणं हीच तुमची खरी डोकेदुखी ठरेल, तेव्हा वेळापत्रक बघणाऱ्या सरांना आजच जाऊन भेटा.

‘पण आमच्याकडचे काही ज्येष्ठ तयारच नाहीत’, असंही तुम्ही लिहिलंय. शिक्षणातल्या तंत्रज्ञानाच्या अभ्यासक पेगी अर्टमर यांनी १९९९ मध्ये अडथळ्यांचे दोन थर सांगितले: बाहेरचे, म्हणजे उपकरण, वेळ, मदत, आणि आतले, म्हणजे शिकवणं कशाला म्हणायचं याबद्दलची श्रद्धा. बाहेरचे आधी दूर करा, कारण निम्म्या वेळा ‘मला पटत नाही’चा अर्थ ‘वर्गात बंद पडलं तर मुलं हसतील’ असा असतो. एक नियम जाहीर करा: तीन मिनिटांत चालू झालं नाही तर खडू उचलायचा, कुणी काही बोलणार नाही. केबल, आवाज आणि पासवर्ड एवढं निस्तरणारी दोन मुलं प्रत्येक वर्गात नेमा. ती आनंदाने करतात आणि मोठ्यांपेक्षा लवकर करतात.

आतल्या थराचं मात्र भाषणाने काही होत नाही. शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी १९८६ मध्येच मांडलेला क्रम मला वारंवार खरा ठरलेला दिसला: शिक्षकाचं मत आधी बदलत नाही. आपल्या वर्गातली मुलं वेगळी वागताना दिसली की मत मागाहून बदलतं. म्हणून ज्येष्ठांना पटवत बसू नका. त्यांच्याकडून एका तासापुरती ती ०.३५ वाली जोडी लावून घ्या, मतदान तुम्ही चालवा, वर्ग त्यांनी सांभाळावा.

एआयबद्दल कोणीतरी विचारणारच. त्यावर वेगळं सत्र नको. साप्ताहिक बैठकीत एआयकडून दशांशाचे दहा बहुपर्यायी प्रश्न बनवून घ्या आणि गणिताच्या गटाला एकच काम द्या: प्रत्येक चुकीचा पर्याय कुठल्या गैरसमजातून येतो ते लिहा. ज्या पर्यायासमोर काहीच लिहिता येणार नाही, तो भरताड आहे. तो काढून त्याजागी स्वतःचा पर्याय घाला. तासाभरात एआयची ताकदही कळते आणि मर्यादाही.

अभिप्रायाचा फॉर्म शेवटच्या दिवशी घेऊ नका. सहाव्या आठवड्यानंतर स्वतः पाच वर्ग फिरा, न सांगता. पॅनलला मुलं हात लावतायत की फक्त शिक्षक, हे बघा. आणि सेलोटेपने काही चिकटवलेलं दिसलं तर काढू नका, आधी कोणी आणि का लावलं ते विचारा. माझ्या त्या पाचव्या वर्गात खरं कारण मला फार उशिरा कळलं: पॅनलची वायर पहिल्या आठवड्यातच तुटली होती, आणि ती कोणाला सांगायची हेच कोणाला माहीत नव्हतं.

पहिल्या तीन तासांचा आराखडा तयार झाला की इथे टाका, बघून सांगतो.