कृतज्ञतेसाठी दुसऱ्याचे उदाहरण कशाला?

प्रश्न : सासूबाई माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला संध्याकाळी रामकुंडावर घेऊन जातात. घाटावर कुणी व्हीलचेअरवर किंवा कुबड्या घेऊन दिसले की त्या त्याला म्हणतात, "बघ, देवाने तुला धडधाकट हातपाय दिलेत, त्याची जाण ठेव." त्यांचा हेतू चांगला आहे, तरीही मला संकोच वाटतो. मुलाला शरीराचे मोल कळावे आणि कुणाचा मानही दुखावू नये, यासाठी काय करावे?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपला संकोच रास्त आहे. सासूबाईंना जे शिकवायचे आहे ते मोलाचेच आहे. खटकते ते उदाहरण. घाटावर आलेली ती व्यक्ती दर्शनाला, फिरायला किंवा आपल्या कामाला आलेली असते. तिच्याकडे बोट दाखवून आपण किती नशीबवान हे सांगितले, की मुलाच्या नजरेत तिचे सारे आयुष्य एका उणिवेपुरते उरते आणि हे बोलणे बहुधा तिच्या कानांवरही पडते.

शरीराचे मोल मुलाला स्वतःच्या शरीरावरूनच समजू द्या. त्याला डोळे मिटून एका पायावर उभे राहायला सांगा. तो लगेच डगमगेल, कारण तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतील भाग आणि पायाचे स्नायू एकत्र राबत असतात. एका पावलात 26 हाडे असतात हे त्याला सांगा, पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबवून छातीवर हात ठेवायला लावा. त्यासाठी दुसऱ्या कुणाचे शरीर समोर असण्याची गरज नाही.

मुरलीकांत पेटकर यांच्याविषयीही जरूर सांगा. 1965च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या जवानाने 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. मात्र दिव्यांग माणसाने पदक मिळवले तरच तो मानास पात्र ठरतो, असा समज मुलाच्या मनात रुजू देऊ नका.

आदर वागण्यातून शिकवावा लागतो. दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरून तिला ओढू नये. आधी विचारावे आणि हवे असल्यास आपला कोपर पुढे करावा, म्हणजे तो धरून ती आपल्या अर्धे पाऊल मागून चालू शकते. पायरी आली की चढायची आहे की उतरायची, तेही सांगावे. व्हीलचेअर न विचारता ढकलू नये आणि बोलायचे ते सोबतच्या माणसाशी नव्हे, तर त्या व्यक्तीशीच बोलावे. अडचण पुष्कळदा शरीरापेक्षा बांधकामात असते, हेही मुलाला दाखवता येईल : एक फूट उंची चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार लागतो, आणि आपल्या कितीतरी इमारतींसमोर तो एकतर नसतो किंवा असा खडा असतो की त्यावरून खुर्ची नेणे धोक्याचे ठरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत. सिकलसेल, हिमोफिलिया, अध्ययन अक्षमता यांसारखे काही प्रकार पाहताक्षणी ओळखू येत नाहीत. त्यामुळे आपल्या मुलाच्या वर्गातही असा एखादा मित्र असू शकेल.

सासूबाईंशी मात्र मुलासमोर नव्हे, तर निवांत वेळी बोलावे. मुलाने घाटावर मोठ्याने "यांना काय झालंय?" असे विचारलेच, तर त्याला गप्प करून बाजूला ओढू नये. "काही जण पायांनी चालतात, काही जण खुर्चीने," एवढे उत्तर त्याच आवाजात द्यावे आणि त्या व्यक्तीने पाहिले तर तिला नमस्कार करावा.