पुण्यात पार्लरचं काम केलं आहे. आता एच-फोर व्हिसावर सॅन होजेत कम्युनिटी कॉलेजमधून कॉस्मेटोलॉजी करावी का?

करा, आणि खासगी ब्यूटी स्कूलच्या मागे न लागता सरकारी कम्युनिटी कॉलेजातच करा. तुम्ही लिहिलंय की पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स झाला, मग एका पार्लरमध्ये नोकरी केली, आता मिस्टरांच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसामुळे जोडीदाराच्या एच-फोरवर इकडे कॅलिफोर्नियात आलात, आणि ओळखीच्या बायका म्हणतात, ‘शिकायचं कशाला, घरीच आयब्रो-वॅक्सिंग सुरू कर.’ मी तुमच्यासारखीच पार्लरमधून आले, बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकले आणि आता लायसन्सवर सलोनमध्ये काम करते. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या घरच्या पार्लरचं. एच-फोरवर शिकता येतं, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. पण ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात नसताना काम करता येत नाही. हे ईएडी मे २०१५ पासून मिळतं, तेही मिस्टरांची आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाली असेल किंवा त्यांचा एच-वन-बी सहा वर्षांपुढे वाढवलेला असेल तरच. बाई ओळखीची आहे, पैसे रोख दिले, महिन्यातून चारच गिऱ्हाइकं येतात, यातल्या कशानेही ते ‘काम नाही’ असं ठरत नाही. सांगणाऱ्या बायका प्रेमानेच सांगतात, पण स्टेटस, म्हणजे इथे राहायचा कायदेशीर हक्क, तुमचं जातं, त्यांचं नाही. कृपा करून हे करू नका.

लायसन्सचा कायदा याहून वेगळा. कॅलिफोर्नियात दोऱ्याने आयब्रो करायला लायसन्स लागत नाही. वॅक्सिंग, फेशियल, केस कापणं, रंगवणं, मॅनिक्युअर या सगळ्याला लागतं, आणि जागेचंही वेगळं लायसन्स असतं. प्रत्येक राज्याचं गणित निराळं, त्यामुळे न्यू जर्सीच्या मावसबहिणीचा सल्ला इथे लावू नका. टेक्सासमध्ये नुसत्या दोऱ्याच्या कामासाठी ७५० तासांचं प्रशिक्षण मागत होते. थ्रेडिंग करणारे त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि जून २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. ‘पटेल विरुद्ध टेक्सास’ म्हणून तो खटला आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. आपल्या हातातली कला इथे कायद्याच्या पुस्तकात गेली, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता कुठला कोर्स. १ जानेवारी २०२२ पासून इथला कायदा बदलला. कॉस्मेटोलॉजीचे, म्हणजे केस, त्वचा, नखं सगळं येणाऱ्या कोर्सचे, तास १६०० वरून १००० झाले आणि प्रात्यक्षिक परीक्षा गेली, आता फक्त लेखी असते. जुन्या व्हिडिओंत १६०० ऐकलं असेल तर घाबरू नका. एस्थेटिशियनचे ६०० तास, त्यात त्वचा, फेशियल, वॅक्सिंग, मेकअप येतं. मॅनिक्युरिस्टचे ४००. त्याच कायद्याने फक्त केसांचं हेअरस्टायलिस्ट लायसन्सही आलं, तेही ६०० तासांचं. तुमच्या प्रश्नात सगळा उत्साह फेशियल आणि नवरीच्या मेकअपबद्दल दिसतो. तसंच असेल तर एस्थेटिशियन करा. केसांची खरी आवड असेल, किंवा पुढे स्वतःचं सलोन काढायचं मनात असेल, तरच १००० तासांना बसा. ‘मोठा कोर्स म्हणून तो घेऊ’ हा विचार मला पटत नाही. हे तास उभं राहून काढायचे असतात, आणि रस नसला तर पाठ आणि मन दोन्ही दुखतं.

पैशाचं बघा. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी एका युनिटला (कोर्स ज्या मापाने मोजतात त्या एककाला) ४६ डॉलर आहे. अगदी ४० युनिट धरली तरी फी दोन हजारांच्या आतच राहते. खासगी स्कूलमध्ये याच्या कितीतरी पट जातात. किटचा खर्च मात्र वेगळा: डमी हेड, कात्र्या, रोलर, पर्म रॉड, युनिफॉर्म. तो शेकड्यांत जातो, आधीच बाजूला काढून ठेवा. रहिवासी ठरायला इथे एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे लागतात, नाहीतर एका युनिटला त्याच्या कितीतरी पट जास्त द्यावे लागतात. एच-फोरवाल्यांना ही रेसिडेन्सी मिळू शकते, एफ-टूवाल्यांना (विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना) नाही. म्हणून घराच्या भाडेकरारावर आणि बँकेच्या खात्यावर आजपासूनच तुमचं नाव घाला, ड्रायव्हिंग लायसन्स काढून घ्या. सरकारी फेडरल मदत एच-फोरवर मिळत नाही, त्या फॉर्ममध्ये वेळ घालवू नका.

तुमच्याजवळच सॅन होजे सिटी कॉलेजात हा विभाग आहे, आणि सॅन ब्रुनोच्या स्कायलाइन कॉलेजातही. जागा मर्यादित असतात आणि आधी ओरिएंटेशनला हजेरी लावावी लागते, तेव्हा तारखांवर लक्ष ठेवा.

‘मला येतं ते सगळं पुन्हा शिकायचं का?’ असं तुम्ही विचारलंय. हात बसलेला असणं याचा मोठा फायदा होतो. वॅक्सची पट्टी ओढायला तुम्हाला कोणी शिकवायला नको. पण पार्लरमध्ये आपण ‘कसं’ शिकतो, ‘का’ फारसं कोणी सांगत नाही, आणि इथे बराच वेळ त्या ‘का’वरच जातो. वॅक्सच्या डब्यात एकदा वापरलेली काडी परत का घालायची नाही. निळ्या जंतुनाशक द्रावणात कंगवा नुसता बुचकळून चालत नाही, बाटलीवर लिहिलेली मिनिटं तो पूर्ण बुडालेला का हवा. २००० साली इथून तासाभरावरच्या वॉट्सनव्हिलमध्ये एका नेल सलोनच्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर न भरणारी गळवं आली. पेडिक्युअरच्या टबमधल्या जाळीमागे केस आणि त्वचेचा मळ साचून त्यात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जंतू वाढला होता. ज्या बायकांनी आधी पायांवर रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त. इथल्या पायाच्या टबांच्या सफाईचे कडक नियम त्यातून आले. हे शिकल्यापासून पेडिक्युअरआधी कोणी शेव्ह केलं आहे का, हे विचारल्याशिवाय मी पाण्यात हात घालत नाही.

केसांचं रसायन तर मला सर्वांत आवडलं. रंगात मिसळायचं डेव्हलपर १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. आपल्याकडे ‘वीसचं घाल’ असं नुसतं पाठ असतं. इथे रंगाची पातळी १ ते १० मोजायला शिकवतात, आपले काळेभोर केस १-२ वर असतात, आणि ते उजळताना खालून लाल-नारिंगी रंग का निघतो हे कळतं. मेंदीची गोष्ट तुमच्या खूप कामाची आहे. शुद्ध मेंदी वेगळी, पण बाजारातल्या काही मिश्रणांत धातूचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात आणि तुटतात. भारतीय गिऱ्हाईक आलं की ‘डोक्याला काय काय लावता?’ हे सावकाश विचारायची सवय लावून घ्या. इथल्या शिक्षिकांनाही ही माहिती तुमच्याकडून हवी असते. आणि केराटिनच्या नावाखाली फॉर्मल्डिहाइड असलेली उत्पादनं कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विकायला बंदी आहे, तेव्हा भारतातून बाटल्या आणू नका.

सुरुवातीचे काही आठवडे डमी हेडवर जातात: रोलर, पिन कर्ल, पर्मच्या गुंडाळ्या. मग क्लिनिक फ्लोअरवर खरी गिऱ्हाइकं येतात, कमी पैशात केस करून घ्यायला. सगळ्यात जास्त शिकणं तिथे होतं, कारण एकाच दिवशी कुरळे आफ्रिकन केस, पातळ सोनेरी केस आणि कोणा आजींचा सेट असं सगळं समोर येतं. यायची-जायची वेळ पंच करावी लागते. बुडालेले तास भरूनच द्यावे लागतात, मुलं लहान असतील तर हे आधी घरात बोलून घ्या.

वर्गात व्हिएतनामी मुली भेटतील. १९७५ मध्ये सॅक्रमेंटोजवळच्या होप व्हिलेज छावणीत टिपी हेड्रन या अभिनेत्रीने निर्वासित बायकांना नखांचं काम शिकवायची सोय केली. तिथून सुरू झालेल्या या धंद्यात आज त्यांचा समाज पाय रोवून उभा आहे. राज्याची परीक्षाही व्हिएतनामी भाषेत देता येते. मराठी किंवा हिंदीत नाही, त्यामुळे इंग्रजी संज्ञा पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत जा.

भारतातल्या प्रशिक्षणाची आणि नोकरीची कागदपत्रं लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डापुढे मांडता येतात. तुमच्या जुन्या पार्लरकडून लेटरहेडवर तारखांसह अनुभवाचं पत्र मागवून ठेवा. पण त्यावर सगळा भरवसा ठेवून प्रवेश लांबवू नका. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी लायसन्सचा अर्ज आयटीआयएनवर (त्याऐवजी मिळणाऱ्या करदात्याच्या नंबरवर) भरता येतो. लायसन्स दर दोन वर्षांनी नूतनीकरण करायचं, पुन्हा परीक्षा नसते. ईएडी उशिरा आलं तरी तोवर लायसन्स चालू ठेवा.